अंधाऱ्या खोलीपुढचा चढ

भिंगार मागे टाकून सकाळची सर्व्हिस मोटार पाथर्डीच्या रस्त्याला लागली, की मिशनच्या दवाखान्यापुढचा चढ तिला नको नको करून सोडायचा. लढाईचे दिवस होते. पेट्रोल सगळं पलटणीला, आणि लोकांच्या मोटारींना लाकडी कोळसा. मोटारीच्या पाठीशी पाण्याच्या बंबाएवढी भट्टी बसवलेली असायची आणि तिच्यातल्या धुरावर इंजिन कसंबसं चालायचं. चढ संपला की ड्रायव्हर खाली उतरून सळईने निखारे ढवळायचा, आणि तेवढ्यात उतारू बिड्या पेटवून घ्यायचे.

त्या सकाळी बिड्या पेटायच्या आत एक नर्स अनवाणीच चढ चढून धावत आली.

"ही मोटार कोण चालवतं?"

"मी," भट्टीमागून एक चेहरा बाहेर आला. भुवया, मिश्या, गाल, सगळं कोळशानं माखलेलं... डोळे तेवढे स्वच्छ. "का वो बाई? कुनी पडलं का काय?"

"पडलं नाही. मेलं."

नर्सचं नाव हन्ना. आत अंधाऱ्या खोलीत सहादेव नावाचा खाणीतला पाथरवट धनुर्वातानं पडला होता. धनुर्वाताच्या रोग्याला आवाज सोसत नाही. साधं भांडं पडलं तरी अंग धनुष्यासारखं वाकतं, दातखीळ बसते, श्वास कोंडतो. म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, रोग्याच्या कानात कापूस घालायचा, आपण पायातलं काढून वावरायचं. हन्ना आणि बाकीच्या नर्सांनी त्या माणसाला रात्रंदिवस जपलं होतं. काल त्यानं पहिल्यांदा चमचाभर दूध गिळलं होतं.

"तुमची मोटार वर चढली आणि त्याला झटका आला. असा आला की तो परत सैल पडलाच नाही," ती म्हणाली. "मी त्याचं डोकं धरून बसले होते. तुमची मोटार संपता संपेना!"

उतारूंनी बिड्या परत खिशात टाकल्या. ड्रायव्हरच्या हातातली सळई हळूच खाली आली.

"मला... म्हाईत न्हवतं, बाई."

"आता झालं ना माहीत?" ती वळली. चार पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण त्या माणसाचे डोळे पाहिले. अशा दिवशी, अशा वेळी! तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मोटारीची वेळ झाली तशी ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. आवाज आला नाही. थोड्या वेळानं चढाखालून उतारूंची रांग येताना दिसली. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, आणि तोंडानं ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्यांच्यामागून रिकामी मोटार हळू हळू, दम्याच्या म्हातारीसारखी कण्हत वर येत होती. दवाखान्यापुढून जाताना ड्रायव्हरनं मान वळवली नाही, पण डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मेलेल्या माणसासाठी काढावी तशी.

त्याचं नाव याकोब. शेवगावकडचा. बाप मिशनच्या शाळेत शिपाई, आणि याकोबला चौथीनंतर पुस्तकापेक्षा चाकं बरी वाटली. हे सगळं हन्नाला कळलं ते तो हात भाजून दवाखान्यात आला तेव्हा.

"कशानं भाजलं?"

"सायलेन्सरनं."

"गरम असताना हात लावलात?"

"काय करनार... मोटार मोठ्यानं बोलती, म्हनून तिचं त्वांड दाबायला गेल्तो."

हन्नाला हसू आलं. तिनं ते ओठांत धरलं आणि मागे न बघता हात लांबवून कपाटातली बाटली उचलली.

"अवो बाई, बघून घ्या! भलतंच लावाल."

"हे कपाट मला पाठ आहे."

"व्हय? मग सांगा, वरच्या फळीवर चौथी कोंची?"

"कार्बोलिक."

"तिच्यापल्याड?"

"बोरिक. मग टिंक्चर आयोडीन. मग पोटॅश. हात हलवू नका."

"डोळं मिटून सांगाल?"

"मिटून सांगेन. पण मग पट्टी कोण बांधेल?"

"न्हाई, मिटू नका," तो घाईनं म्हणाला. "मला काय त्यात... उघडंच बरं हायेत."

तिच्या हातून पट्टी जरा जास्तच आवळली गेली. तो 'आई गं' म्हणाला नाही. प्रेमात पडायला माणसं नदीकाठ शोधतात म्हणे. या दोघांच्या वाट्याला कार्बोलिकचा वास आला, आणि त्यांनी तोही गोड मानून घेतला.

पट्टी सोडायला तो तीनदा आला, खरं तर एकदा पुरे झालं असतं. सायलेन्सरची गोष्ट त्यानं तिसऱ्या खेपेला सांगितली. कोळशाच्या धुरावर इंजिनाला जोर कमी, आणि सायलेन्सरच्या पोटातल्या पडद्यांनी मागचा धूर अडतो, म्हणजे जोर आणखी कमी. भरली मोटार चढच चढेना. म्हणून त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी एकच शहाणपणा केला होता. सळई तापवून नळीतून घातली आणि सायलेन्सरचे पडदे फोडून टाकले. मोटारी चढू लागल्या आणि तोफेसारख्या ओरडूही लागल्या.

"तुम्हीपण फोडलेत?"

"मीच. ह्या हातानं." भाजलेला हात त्यानं पुढे केला. "मालक म्हनले, फोड. मी फोडलं. सहादेव पाथरवट त्या येळंला चांगला खडी फोडत आसंल..." हन्नानं तो हात हातात घेतला. या खेपेला सोडवायला पट्टीच नव्हती.

दिवाळीनंतरची थंडी पडली. हन्नाच्या वडिलांनी, ते भिंगारच्या शाळेत मास्तर होते, याकोबला घरी बोलावून चहा दिला आणि नाकावरच्या चष्म्यातून नीट पाहून घेतलं. "शिक्षण बेताचं आहे," ते मुलीला म्हणाले. "पण लायसन आहे, पोटाला कमी पडणार नाही. नाताळ होऊ दे, बघू." मास्तरांचं 'बघू' म्हणजे होकार, हे सगळ्या भिंगारला ठाऊक होतं.

पण मोटारीचा मालक आबासाहेब यांना हे उतारू उतरवण्याचं प्रकरण कळलं. दुसऱ्या मोटारी पुढे निघून जातात, उतारू पळतात. त्यांनी याकोबला बोलावून स्पष्ट सांगितलं, की उद्यापासून भरली मोटार चढवायची, नाहीतर किल्ली ठेवून घरी जायचं. याकोबनं भरली मोटार चढवली. त्याच आठवड्यात अंधाऱ्या खोलीत लंकाबाई आली. कोवळी पोर, पायात बाभळीचा काटा मोडलेला, घरी तान्हं मूल. तिला पहिला झटका आला तो मोटार जाताना, आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी वर तक्रार केली.

पुण्याहून मोटार तपासणारे साहेब आले. जाडजूड, पण माणूस वाईट नव्हता. सरकारच्या नव्या मोटार कायद्यात सायलेन्सर हवा आणि आवाज होता होईल तेवढा कमी हवा, एवढंच होतं. होता होईल तेवढा म्हणजे किती, हे मोजायला साहेबांजवळ यंत्र कुठलं? त्यांनी आपली एक रीत बसवली होती. जिथली तक्रार, तिथल्याच माणसाला बसवायचं. दुसऱ्यानं शेजारच्या खोलीतून, नेहमीच्या आवाजात, एकेक नाव उच्चारायचं. बसलेल्यानं ते परत म्हणून दाखवायचं. मोटार जाताना नावं ऐकू आली तर मोटार पास, बुडाली तर नापास. स्वतः साहेब मोटारीत बसत, ड्रायव्हरनं मधेच इंजिन दाबू नये म्हणून.

"नावं कसली?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे काय, औषधांचं कपाट आहे की! कंपाउंडर वाचेल ओळीनं. आणि ऐकायला... या सिस्टर बसतील. अंधाऱ्या खोलीवर ड्यूटी यांचीच ना?"

कंपाउंडर बन्सी 'हो' म्हणाला. हन्नाला ते कपाट पाठ होतं.

त्याच संध्याकाळी याकोब चढाच्या कडेला मोटारीखाली पडून सायलेन्सरला ठिगळ लावत होता. रॉकेलच्या डब्याचा पत्रा, तार, चिकणमाती. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"टिकेल?"

"रिकामी आसंल तर टिकंल." तो बाहेर आला. "आबासायेबांनी उद्या फुकट्या मान्सांनी मोटार भरायची ठरवलीया. सायेबाला भरलेलीच पायजे."

"आणि नाही टिकलं तर?"

"मालक म्हनतील, आमाला काय म्हाईत, सायलेन्सर ड्रायव्हरनं फोडला. लायसन माजं जाईल." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मास्तर मग चहा न्हाई पाजायचे."

ती पायानं खडी सरकवत राहिली. बाटल्यांचं दोघांच्याही मनात होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं...

"काय बोलू नका," तो म्हणाला. "घरी जावा. गारठा पडलाय."

सकाळी तिनं लंकाबाईच्या कानात दुप्पट कापूस घातला, औषधाचा डोस दिला, दार लोटलं आणि शेजारच्या खोलीत स्टुलावर येऊन बसली. समोर साहेबांचा हवालदार कागद-पेन्सिल घेऊन उभा. पलीकडच्या खोलीतून बन्सीचा आवाज येऊ लागला.

"बोरॅक्स."

"बोरॅक्स," हन्ना म्हणाली.

"एरंडेल."

"एरंडेल."

चढाखाली मोटारीनं गिअर बदलला. घरघर जवळ येऊ लागली. दबलेली, जड, पण सोसवेल अशी. ठिगळ धरून होतं. हन्नाचे ओठ नुसते हलत होते, औषधांची नावं घेत होते की प्रार्थना करत होते, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"ग्लिसरीन."

"ग्लिसरीन."

"कार्बोलिक."

"कार्बोलिक—"

आणि ठिगळ उडालं. सबंध इमारत हादरली. खिडकीची काच थरथरली. बन्सीचा आवाज त्यात कुठल्याकुठे गडप झाला. भिंतीपलीकडून दुसरा एक आवाज मात्र तिला ऐकू आला, कारण तिचे कान त्याच्यावरच तयार झाले होते. लोखंडी खाटेचे पाय फरशीवर आपटत होते. लंकाबाई!

हवालदार पेन्सिल रोखून तिच्याकडे बघत होता.

नाताळ. मास्तरांचा चहा. कोळशानं माखलेल्या भुवया. पट्टी नसलेला तो हात.

"बोरिक," हन्ना म्हणाली. खाट आपटत होती. "टिंक्चर आयोडीन..." खाट आपटत होती. "पोटॅश."

हवालदारानं तीन खुणा केल्या. सिस्टरचे कान फारच तिखट दिसतात, असं त्याला वाटलं असणार.

ती स्टूल लोटून पळाली. लंकाबाई टाचांवर आणि डोक्यावर उभ्या कमानीसारखी झाली होती, तोंडातून रक्त येत होतं. जीभ दातांत सापडली होती. हन्नानं तिला धरलं, दातांत कापडाची वळी सरकवली, आणि 'देवा, हिला नेऊ नकोस, हिला नको' एवढंच म्हणत राहिली. कितीतरी वेळानं लंकाबाईचं अंग सैल पडलं. श्वास होता. हन्ना तिच्या खाटेशी खाली बसली आणि तिला आपल्या हातांकडे बघवेना.

व्हरांड्यात बोलावणं आलं तेव्हा आबासाहेब साहेबांना चहा देत होते. फुकटे उतारू पारावर खुशीत होते. साहेब हवालदाराच्या कागदावरून नजर फिरवत म्हणाले, "मला आत फार वाटला हो आवाज. पण मोटारीत बसलं की वाटतोच. सिस्टरना नावं ऐकू आली, म्हणजे संपलं." त्यांनी पेन उघडलं.

"सायेब, सही करू नका."

याकोब पायरीशी उभा होता. टोपी हातात.

"का?"

"ठिगळ हितंच उडालं. मला माजा सोताचा हॉर्न ऐकू आला न्हाई, तर बन्सीभाऊ काय ऐकू येनार?" त्यानं हन्नाकडे पाहिलं. सरळ, सगळ्यांदेखत. "ह्या बाई खोटं बोलल्या. कपाट त्यास्नी पाठ हाय. मला म्हाईत हाय."

आबासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "ह्याचं डोकं फिरलंय, साहेब," ते म्हणाले. पण साहेब उठले, आत गेले आणि बन्सीला म्हणाले, "बाटल्या उलटसुलट लाव. परत घेऊ."

"परत नको," हन्ना म्हणाली. तिच्या एप्रनवर लंकाबाईचं रक्त होतं. "परत मोटार आणू नका. खरं आहे. मला काहीच ऐकू आलं नाही."

पुढे जे व्हायचं ते झालं. मोटार बंद झाली, आबासाहेबांनी सगळं ड्रायव्हरवर ढकललं, आणि याकोबचं लायसन साहेबांनी खिशात घातलं. डॉक्टरीणबाई हन्नाला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा वर्षभर पुढे गेली आणि अंधाऱ्या खोलीवरची ड्यूटी दुसरीला मिळाली. लंकाबाई वाचली. जीभ कायमची जड झाली, पण मुलाला पोटाशी धरून ती चालत घरी गेली. तिला निरोप द्यायला हन्ना समोर गेली नाही, दाराआडून बघत राहिली.

मास्तरांनी चहाची गोष्ट पुन्हा काढली नाही. "सगळ्या लोकांत त्यानं तुला खोटं पाडलं," एवढंच ते एकदा बोलले. हन्नालाही तेच सलत होतं. रागानं ती रात्री उशी चावायची, आणि तरी सकाळी मोटारीच्या वेळेला कान रस्त्याकडे जायचे.

नाताळाच्या आधल्या शनिवारी तो आला. अंगावर खाकी, नवी कोरी, बाह्या आखूड. भिंगारच्या पलटणीला ड्रायव्हर हवे होते. तिथं मुलकी लायसन कोण विचारतो? सोमवारी गाडीत बसायचं होतं. बर्मेकडे, एवढंच त्याला कळलं होतं.

दोघं चढाच्या कडेला उभी राहिली. वारा बोचरा होता.

"तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमच्यासाठी बोलले होते मी."

"म्हाईत हाय. माज्यासाठी येवढं कुनी कवा केलं न्हवतं." तो टोपी हातात फिरवत राहिला. "पर मोटार पास झाली आसती, तर उद्या परत चढली आसती. मीच चढवली आसती. लंकाबाई गेली आसती, न्हाईतर दुसरं कुनी... मंग तुमी जल्मभर माज्याकडं बघितलं नसतं. लगीन झालं आसतं, भाकरी वाढली आसती, पर बघितलं नसतं. सहादेव मेला त्या सकाळी जसं बघितलं हुतं, तसं तर अजाबात न्हाई."

तो म्हणत होता ते हन्नाला आधीच माहीत होतं. खाट आपटत असताना, तिसरं नाव घेताना, तिला ते कळलं होतं.

"आता बघते आहे ना," ती म्हणाली.

"बघतीयास," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरी.

"तुम्ही परत आला नाहीत तर?"

"तर... न्हाई आलो." खोटं बोलायचं त्याला त्या दिवसापासून वावडंच झालं असावं. "पर मला तू पायजेस, हन्ना. आलो तरी, न्हाई आलो तरी."

"मग पाद्रीसाहेबांकडे चला," ती म्हणाली. "आत्ता. नावं द्यायला."

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारायची, आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगायचं. पाद्रीसाहेबांनी आधी मास्तरांना विचारून या म्हटलं. हन्नानं सांगितलं की मी एकवीस पुरी आहे, आणि हरकत असेल तर बाबा देवळात उभे राहतील. पाद्रीसाहेबांनी नावं लिहून घेतली.

पहिल्या रविवारी याकोब पुरुषांच्या बाजूला बसला होता, आखूड बाह्यांत मनगटं लपवत. नावं पुकारली गेली. हरकत विचारली गेली. बाकांवर चुळबुळ झाली, खोटं बोललेली नर्स म्हणून माना वळल्या. मास्तर पहिल्या बाकावर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते उठले नाहीत. प्रार्थना संपल्यावर याकोबजवळ जाऊन ते म्हणाले, "स्टेशनावर जायच्या आधी चहा घेऊन जा."

सोमवारी तो गेला. स्टेशनावर इतकी खाकी माणसं होती, की गाडी हलल्यावर कुठला हात त्याचा हे तिला कळलंच नाही. ती सगळ्याच हातांना हात करत राहिली.

दुसऱ्या रविवारी ती वडिलांजवळ बसली. पाद्रीसाहेबांनी याकोबचं नाव पुकारलं तशी तिची मान आपोआप पुरुषांच्या बाजूला वळली. त्याच्या जागेवर दुसरंच कुणी बसलं होतं. मग तिचं नाव पुकारलं गेलं. कुणाची हरकत आहे का, असं पाद्रीसाहेबांनी विचारलं आणि ते रीतीप्रमाणे थांबले. देऊळ अगदी गप्प होतं. हन्नानं जीव कानांत आणून ऐकलं. कुणीच काही बोललं नाही.